वेणू, फेन्ना आणि कोणालाच न खुपणारी माया

ताई,
मी मूळची सांगलीची. लग्नानंतर ब्रेमेनला आले. नवरा जर्मन आहे, उत्तरेकडच्या ओस्टफ्रीजलांडमधल्या लेअर गावचा. दोन महिन्यांनी आम्हाला मुलगी होणार आहे (इथे डॉक्टर सांगतात). नावावरून घरात रण पेटलंय. मला माझ्या आजीचं, वेणूचं नाव ठेवायचंय. मला तिनेच वाढवलं. आई म्हणते, “माझ्या आईचं नाव घेऊन नातीला रागवू कशी? आणि वेणू म्हणजे अगदीच जुनाट.” तिला नक्षत्राच्या अक्षरावरून हवंय, नाहीतर ‘आर्या’. आर्या ऐकल्यावर नवऱ्याचा चेहरा पडला आणि आई दुखावली. सासूबाई उघड काही बोलत नाहीत, पण त्यांच्या घरात पहिल्या मुलीला पणजीचं नाव ठेवायची रीत आहे आणि ते नाव आहे ‘फेन्ना’. माझी मावशी म्हणाली, “फेन्ना? ती धुण्याची पावडर?” नवरा म्हणतो कटकट नको, ‘माया’ ठेवू, दोन्हीकडे चालतं. आडनावाचा घोळ वेगळाच, माझं माहेरचं ‘कर’ लागणारं आणि त्याचं जर्मन. मुलगी ना धड मराठी ना धड जर्मन व्हायची, अशी भीती वाटते. काय करू? मला ‘तू’च म्हणा.
– वेणूची नात

प्रिय नात,

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. मुलीचं नाव वेणू फेन्ना ठेव. दोन वेगळी नावं, मध्ये जोडरेघ नाही. माया रद्द.

माया नावात वाईट काही नाही. पण तुझ्या पत्रात त्याची शिफारस एकाच गुणावर झालीय: ते कोणाला खुपत नाही. परदेशातल्या मिश्र घरांमधल्या मुलींची नावं एकदा आठवून बघ. माया, मीरा, तारा, नीना, लीना, अनिका. सगळी गोड, सगळी दोन्हीकडे चालणारी. एखाद्या घरात मीरा खरोखर मीरेच्या भजनांमधून आलेली असते, तिथे माझी काही तक्रार नाही. पण ‘चालतंय ना दोन्हीकडे’ एवढ्याच बळावर आलेलं नाव म्हणजे विमानातलं जेवण. कोणाला बाधत नाही आणि उतरल्यावर काय खाल्लं ते आठवतही नाही. तुमच्याकडे दोन खऱ्या बायका असताना हे कशाला?

तुझं पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती बहुतेक तुमच्या घरात कोणाच्याच आली नसावी. वेणू तुझी आजी, म्हणजे बाळाची पणजी. फेन्ना तुझ्या नवऱ्याची आजी, म्हणजे तीही बाळाची पणजीच. तू आणि तुझी सासू समोरासमोर उभ्या नाही आहात गं, तुम्ही दोघी एकाच रांगेत उभ्या आहात. दोघींना पणजीचंच नाव हवंय. भांडण आहे ते पणजी आणि माया यांच्यात. हे सासूबाईंना जाऊन सांग, आणि तेही चहा पिताना सांग. ओस्टफ्रीजलांडची माणसं चहाच्या बाबतीत आपल्यापेक्षा कट्टर असतात. कपात आधी खडीसाखर, तिच्यावर कडक चहा, वरून साय, ढवळायचं नाही आणि तीन कपांशिवाय उठायचं नाही. तीन कपांत बरंच बोलून होतं.

नवऱ्याच्या मुलखाबद्दल आणखी थोडं, कारण तुझ्या आईला हे आवडेल. ओस्टफ्रीजलांडमध्ये पूर्वी कायमची आडनावं नव्हतीच. बापाच्या नावावरून पोराचं दुसरं नाव व्हायचं आणि पुढच्या पिढीत ते बदलायचं. नेपोलियनच्या राजवटीने १८११ साली हुकूम काढून त्यांना कायमचं आडनाव घ्यायला लावलं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायचं, ही त्यांची जुनी पद्धत. आता मला सांग, मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावणारे आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवणारे दुसरे लोक कोण? सांगलीची मुलगी अख्ख्या जर्मनीत फिरून नेमकी आपल्याच वळणाच्या घरात पडलीय.

आता आईचं म्हणणं. “आईचं नाव घेऊन नातीला रागवू कशी?” हा प्रश्न मला मनापासून आवडला आणि तो अजिबात खुळचट नाही. आपल्याकडे घरोघरी हा पेच होता. सून सासऱ्यांचं नाव घेणार नाही, आणि नातवाचं नाव तर तेच ठेवलेलं. मग त्यावर तोडगाही घरोघरी निघाला: कागदावर एक आणि हाक मारायला दुसरं. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पण त्यांना बाळाजी म्हणून कोण ओळखतं? ते नानासाहेब. तुझ्याच आजोळी मोजून बघ, किती अण्णा, बाळ, बंडू, ताई, माई आणि बेबी निघतात, आणि त्यांची खरी नावं लग्नपत्रिका छापायच्या वेळी कशी शोधावी लागली होती. तेव्हा आईला म्हणावं, तू तिला चिमी म्हण, ठमी म्हण, मनी म्हण. रागवायचं झालं तर ठमीला रागव. वेणूला कोणी काही बोलणार नाही.

आणि ‘जुनाट’ म्हणशील तर तो वेणूचा दोष नाही, ते आपलं कान विटणं आहे. इंदू, कमल, सरू, यमू या नावांना एक पिढी नाकं मुरडते आणि त्याच्या पुढची पिढी हौसेने उचलते. तुझ्या आईची पिढी नेमकी नाकं मुरडणारी आहे, कारण त्या नावांच्या बायकांचे कष्ट तिने डोळ्यांनी पाहिलेत. तिला वेणू म्हटलं की बासरी आठवत नाही, चूल आठवते. हे समजून घे. तिच्याशी वाद घालू नकोस. तिला तिच्या आईची एखादी गोष्ट सांगायला लाव, म्हणजे ती स्वतःच त्या नावाशी परत बोलायला लागेल.

नक्षत्राचं अक्षर मात्र सोपं आहे आणि त्यावर झोप घालवू नकोस. पत्रिकेतलं जन्मनाव, ज्याला कोणी नावरस नाव म्हणतात, ते व्यवहारात वापरायचं नाव कधी नव्हतंच. ते धर्मकार्यात संकल्पाला लागतं आणि एरवी पत्रिकेत राहतं. ब्रेमेनच्या वेळेवरून आईच्या गुरुजींनी पत्रिका करावी, जे अक्षर येईल त्यावरून आईने स्वतः नाव काढावं. तो मान पूर्णपणे तिचा. समज अश्विनी नक्षत्र आलं तर अक्षरं येतात चू, चे, चो, ला. जर्मन भाषेत एक ‘च’ लिहायला टी, एस, सी, एच अशी चार अक्षरं मांडावी लागतात. चूडामणी काय किंवा चेतना काय, ते पत्रिकेतच सुखी राहतील.

आता आर्या. इथे मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने आहे, पण ते सांगण्याआधी थोडं वळण घेते.

१९०५ साली ब्रह्मदेशात म्यिंजान नावाच्या गावी एका मराठी घरात मुलगी झाली. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तिकडे गेलेले. गाव इरावती नदीच्या काठचं, म्हणून मुलीचं नाव इरावती. तीच पुढे आपल्या इरावती कर्वे. आज हे नाव आपल्याला इतकं पुण्याचं वाटतं, की ते परमुलखातल्या एका नदीवरून ठेवलंय हे सांगितलं तर लोक चकित होतात. करमरकरांनी तिकडे दोन्हीकडे चालणारं नाव शोधलं असेल असं मला वाटत नाही. मूल जिथे जन्मलं तिथली नदी समोर होती, ती त्यांनी घेतली. नाव परकं राहिलं की आपलं झालं, ते त्या बाईंनी पुढे जे आयुष्य काढलं त्यावरून ठरलं.

याच इरावतीबाई १९२८ च्या सुमारास बर्लिनला डॉक्टरेट करायला गेल्या. तिथल्या मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक, आणि हे गृहस्थ पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या खुळाचे मोठे आधारस्तंभ झाले. इरावतीबाईंचं काम होतं माणसांच्या कवट्या मोजायचं, त्यांतली डावी-उजवी असमानता तपासायचं. त्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे असं त्यांना मोजमापांत दिसलं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. थोड्याच वर्षांत, ७ एप्रिल १९३३ ला, त्याच बर्लिनमध्ये सरकारी नोकरांबद्दलचा कायदा आला. त्यात ‘आर्य नसलेल्यांना’ नोकरीवरून काढण्याचं कलम होतं. मग तर आपण ‘आर्य’ आहोत हे सिद्ध करायला लोकांना आजी-आजोबांचे जन्मदाखले गोळा करत फिरावं लागलं. ज्यांना ते जमलं नाही त्यांचं काय झालं, हे जर्मनीतलं प्रत्येक मूल शाळेत शिकतं.

तुझ्या नवऱ्याचा चेहरा पडला तो यासाठी. तुझ्या आईसाठी आर्या म्हणजे पार्वती, आर्या वृत्त, मोरोपंत. ती चूक नाही. शब्द आपलाच आहे, दुसऱ्यांनी चोरून नासवला. हल्ली जर्मनीतही आर्या नावाच्या मुली असतात आणि त्यांचं काही अडत नाही. पण तुझी मुलगी अर्धी जर्मन आहे, आणि तिच्या बापाला स्वतःच्या मुलीला हाक मारताना दर वेळी आत काहीतरी टोचणार असेल, तर ते नाव बाद. आईला मोरोपंतांना दोष न देता एवढंच सांग, की जावयाच्या देशाला या शब्दाची लाज वाटते, आणि ती वाटते हे चांगलंच आहे. त्याला बोलायला लाव. चेहरा पाडून बसण्यापेक्षा आपल्या सासूला, म्हणजे तुझ्या आईला, हे दोन वाक्यांत सांगणं त्याचं काम आहे, तुझं नाही.

मावशीच्या धुण्याच्या पावडरीवर मी मनसोक्त हसले. पण हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो आणि यातून कोणी सुटत नाही. इडा हे जर्मनीत चांगलं लाडकं नाव आहे. आपण ते ऐकून म्हणणार, पिडा टळो. लेनी ऐकलं की वेरूळ आठवणार. पाउलला आपण पाऊल म्हणणार. ऊवे नावाचा गृहस्थ तर मराठी घरात पंगतीला बसला की कोणीतरी डोकं खाजवणारच. उलट बाजूला आपल्या लीलाचं स्पेलिंग ‘आय’ने केलं की जर्मन माणसाला जांभळा रंग दिसतो, आणि ‘डबल ई’ने केलं की तो लेला वाचतो. आर्ष हे नाव तर तिकडे उच्चारूच नये, ढुंगणाला शिवी दिल्यासारखं होतं. जाईची याई होते, ओजसचा ओयास. मावशीला फेन्ना हे नाव चार वेळा ऐकू दे आणि बाळाला एकदा मांडीवर घेऊ दे. पावडर आपोआप विसरेल.

आता व्यवहाराचं बोलू. इथे खरी काळजी घ्यायची आहे.

जर्मनीत जन्माची नोंद एका आठवड्यात व्हायला लागते. दवाखाना बहुतेक वेळा ती परस्पर स्टांडेसआम्टला, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदणी कचेरीला कळवतो. पण त्या वेळी नाव ठरलं नसेल तर नाव कळवायला महिनाभराची मुदत असते. म्हणजे बाराव्या दिवशी रीतसर बारसं करून मग नाव नोंदवलं तरी कायद्याला चालतं. दाखला उशिरा मिळेल, आणि दाखला नाही तोवर किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता, आणि पासपोर्ट अडून राहू शकतो, एवढंच.

तिकडे मंजूर नावांची अशी काही यादी नाही. नोंदणी अधिकारी बघतो, की हे नाव म्हणून वापरलं जातं का आणि त्यामुळे मुलाचं नुकसान तर होणार नाही ना. शंका आली तर तो पुरावा मागतो. असा पुरावा वीसबाडेनची जर्मन भाषा संस्था आणि लाइपझिग विद्यापीठाचं नाम-सल्ला केंद्र देतं, पैसे घेऊन. तुझ्या बाबतीत शंका येऊ शकते, कारण दक्षिण भारतात वेणू हे सर्रास पुरुषाचं नाव आहे आणि अधिकाऱ्याने शोधलं तर त्याला वेणूगोपाळच सापडतील. घाबरू नकोस. याच प्रश्नावर जर्मनीच्या घटना न्यायालयाने ५ डिसेंबर २००८ ला निकाल दिलाय, आणि तो निकाल कोणाच्या नावावर आहे माहीत आहे? किरण. आईवडिलांना मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं, कचेरी म्हणाली यावरून मुलगा की मुलगी कळत नाही. न्यायालयाने सांगितलं, नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही, किरण ठेवा. शिवाय तुझ्याकडे दुसरं नाव फेन्ना आहे, त्याबद्दल तिकडे कोणालाच शंका नाही. पणजी पणजीच्या मदतीला येईल. तरी बाळंतपणाच्या आधीच ब्रेमेनच्या कचेरीत फोन करून विचारून ठेव. पोटावर टाके असताना कारकुनाशी हुज्जत घालायची नसते.

जोडरेघ नको म्हटलं त्याचं कारण पक्कं आहे. जर्मनीत पहिलं नाव मोठेपणी बदलणं सोपं नाही, सबळ कारण द्यावं लागतं. पण नोव्हेंबर २०१८ पासून एक सोय आहे: एकापेक्षा जास्त नावं असतील तर त्यांचा क्रम साध्या अर्जाने बदलता येतो. उद्या तुझ्या मुलीला वाटलं की आपण आधी फेन्ना आहोत आणि मग वेणू, तर ती तसं करू शकेल. मध्ये जोडरेघ असेल तर मात्र कायद्याच्या नजरेत ते एकच नाव, आणि ते फोडता येत नाही. त्या एका रेघेने मुलीचा हा हक्क जाईल. तुझी आई म्हणेल, मग माझंही एक नाव घाला, सासूबाई म्हणतील त्यांच्या बहिणीचंही. दोघींना सांग, बारा नावं ठेवू पाहणाऱ्या एका आईला तिथल्या न्यायालयांनी पाचावर थांबवलं आणि २००४ साली घटना न्यायालयानेही त्यात काही गैर मानलं नाही. मी तुला दोनावर थांबवतेय.

स्पेलिंगचं बोलायचं तर ‘व्ही’ हे अक्षर जर्मनमध्ये बेभरवशाचं आहे. अस्सल जर्मन शब्दात ते फ होतं, बाहेरून आलेल्या शब्दात व. फाटर म्हणजे बाप, पण वेरा ही वेराच. ‘डब्ल्यू’ मात्र नेहमी व. नवऱ्याच्या आळीतल्या एखाद्या आजोबांना एका कागदावर दोन्ही स्पेलिंगं लिहून दाखव आणि मोठ्याने वाचायला सांग, तू काही बोलू नकोस. माझं मत ‘व्ही’कडे झुकतं. शुक्राला ते वेनुसच म्हणतात, तेव्हा वेनू वाचण्याकडे त्यांचा कल राहील. शिवाय भारतात हेच स्पेलिंग रूढ आहे, कचेरीला दाखवायला उपयोगी पडेल. एखादा फेनू म्हणालाच तर ते जवळजवळ फेन्नाच झालं, रागवायचं कोणी? ‘ण’चा न होणार, ते टळणार नाही. तो वऱ्हाडात तरी कुठे टिकतो?

मुलगी जन्माने जर्मन नागरिक असणार, तेव्हा पुढे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढशील. त्यावर जर्मन पासपोर्टवरचंच नाव येतं. म्हणून पहिल्या दाखल्यावरचं अक्षर न् अक्षर सहीपूर्वी तपास. दाखल्यावर बापाचं नाव मधलं नाव म्हणून घालायचा मोह आईला होईल. घालू नको. जर्मन कागदावर मधलं नाव असा रकाना नाही, ते सरळ मुलीचंच आणखी एक नाव समजलं जाईल आणि बाप्याचं नाव मुलीला का, हा नवा प्रश्न निघेल.

आडनाव. १ मे २०२५ पासून, नेमका आपला महाराष्ट्र दिन, जर्मनीत नवा नियम आला. आता आईबापांची आडनावं वेगवेगळी असली तरी मुलाला दोन्ही मिळून जोड आडनाव देता येतं, जोडरेघेसकट किंवा तिच्याशिवाय. त्याच कायद्याने फ्रीजियन, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या मुलखातल्यासारख्या, लोकांना आई किंवा बापाच्या पहिल्या नावावरून मुलाचं आडनाव करायची जुनी रीतही परत दिलीय. तुझ्या नवऱ्याला हे माहीत आहे का विचार, नसेल तर त्याच्या डोळ्यांत एकदम चमक येईल. तरीही मी म्हणेन जोड आडनाव घ्या आणि तुझं ‘कर’ त्यात ठेवा. वेणू हे नाव केरळपासून कुठलंही असू शकतं. त्यातलं गाव दाखवतं ते ‘कर’. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांकडे बघ. नावं हिब्रू, ती मराठीत घोळून समाजी, हसाजी झालेली, आणि आडनावं रोखठोक गावांची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली ज्यांनी बांधलं त्या सॅम्युएल यहेझकेल यांना आपले लोक समाजी हसाजी दिवेकर म्हणत. त्यांना कोणी विचारलं नाही की तुम्ही नक्की कुठले. दिवेकर म्हटल्यावर विचारायचं काय? एक तोटा आधीच सांगते: जोड आडनावात दोनच नावं बसतात, तेव्हा तुझ्या मुलीला तिच्या मुलांच्या वेळी काहीतरी गाळावं लागेल. ते तिचं ती बघेल.

ना धड मराठी ना धड जर्मन, या भीतीबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तिचा नावाशी फार संबंध नाही. फलटणच्या बनबिहारी निंबकरांना सगळे बॉन म्हणत. त्यांची आई अमेरिकेहून आलेल्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्यांनी कमला निंबकर हे नाव घेतलं आणि १९५० साली मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. मुलगा फलटणच्या मातीत शेती आणि शेळ्या-मेंढ्यांवर काम करत राहिला, आणि त्याने लग्न केलं ते इरावतीबाईंच्या लेकीशी, जाईशी. त्या घराला कोणी धड-अर्धवट म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तुझ्या मुलीशी तू मराठी बोललीस तर तिला मराठी येईल. घरात तुम्ही दोघं सोयीसाठी इंग्रजीच बोलत असाल, तर नाव ज्ञानेश्वरी ठेवलंस तरी उपयोग नाही. ते आजपासून ठरव, नावाआधी.

राहिलं बारसं. आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. तुला नणंद आहे का, ते लिहिलं नाहीस. असेल तर तिला आत्ताच तयार कर. पाळण्यावरून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ कसं करायचं ते तुझी आई व्हिडिओ कॉलवर शिकवेल. मग आत्याने बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र करायचं आणि दोन्ही पणज्यांची नावं सांगायची, आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. ही शेवटची गोष्ट तिला आधी नीट समजावून सांग, नाहीतर बिचारी बावचळेल. घुगऱ्यांसाठी हरभरे तिकडे तुर्की दुकानात मिळतात. वाळलेले घे, डब्यातले नको, ते फार मऊ असतात.

तुझी,
ताई

ता. क. नवऱ्याला भाऊ असेल तर मुलीला त्याला ‘काका’ म्हणायला शिकवशील, पण बाळ बालवाडीत जायला लागण्याआधी त्या भावाला विश्वासात घे. जर्मन पोरं ‘काका’ म्हणतात ते शी झाली की. पहिल्यांदा ती भर वर्गात काका आला म्हणून ओरडेल, तेव्हा बाई तिला उचलून थेट संडासात नेतील.